निद्रावस्था, संगणकाची : मदरबोर्ड ड्रायव्हरमुळे होणारे बिघाड

संगणक बंद न करता त्याचा वीजवापर अगदी कमी करणारी अवस्था म्हणजे निद्रावस्था, बोलीत ‘स्लीप’. तिचे नियम ‘एसीपीआय’ या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार एस-३ या निद्रावस्थेत रॅम आणि जागे करणारे मोजके भाग सोडून बाकीची वीज तुटते. एस-४ म्हणजे हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरतो. हुकूम विंडोजचा असला, तरी प्रत्येक भागाला निजवणे-उठवणे हे त्याच्या ड्रायव्हरचे काम. चिपसेट, लॅन, यूएसबी, ऑडिओ यांपैकी एकाचा ड्रायव्हर बिनसला तरी सगळे अडते : पीसी झोपत नाही, स्क्रीन काळी होऊन पंखा फिरतच राहतो, किंवा झोपलेला पीसी आपोआप उठतो.

तिसरी तऱ्हा घरून काम करणाऱ्यांना जास्त छळते. ठाण्यात घोडबंदर रोडवर वाघबीळ, कासारवडवलीच्या फ्लॅटमधला पीसी ऑफिसातून उठवता यावा, म्हणून ‘वेक ऑन लॅन’ चालू केलेले असते. त्यात ‘मॅजिक पॅकेट’ या उठवण्याच्या खास संदेशासोबत ‘पॅटर्न मॅच’ही चालू राहिले, की घरच्या राउटरवरच्या किरकोळ वर्दळीनेही पीसी रात्री-बेरात्री जागा होऊ शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर फक्त मॅजिक पॅकेटची खूण ठेवली, की बहुधा भागते.

गुन्हेगार शोधायला विंडोजचीच ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा पुरते. तिच्यापुढे ‘लास्टवेक’ लिहिले की शेवटी कोणी उठवले ते कळते, ‘रिक्वेस्ट्स’ लिहिले की झोप कोणी अडवली ते. दुसऱ्या आज्ञेत ऑडिओ ड्रायव्हर वारंवार सापडतो. विंडोज नव्याने टाकणे हा दुकानातला आवडता उपाय, पण त्यानंतरही विंडोज अपडेट तोच बिनसलेला ड्रायव्हर पुन्हा आणून बसवण्याची शक्यता राहते. विंडोज १० आल्यावर काही लॅपटॉपांवर इंटेलच्या ‘मॅनेजमेंट इंजिन’चा नवा, ११ क्रमांकाचा ड्रायव्हर झोप अडवी; ९ किंवा १० क्रमांकाचा जुना टाकला की लॅपटॉप नीट झोपे. म्हणून ड्रायव्हर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच पानावरून, बोर्डाचा नेमका मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा.

एस-३ मध्ये असताना वीज गेली, तर रॅममधले न साठवलेले काम जाते. डेस्कटॉपवर ‘हायब्रिड स्लीप’ चालू असेल तर ते डिस्कवरून परत मिळते. ड्रायव्हर बदलूनही गुण आला नाही तर बायॉस अपडेट करावा, मात्र यूपीएसशिवाय नाही. पावसाळ्यात वीज ट्रिप होत असताना तर नाहीच. अर्धवट लिहिलेल्या बायॉसने बोर्ड सुरूच होत नाही. बोर्डावर ‘फ्लॅशबॅक’ बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून बायॉस पुन्हा भरता येतो. नसेल तर बायॉसची चिप प्रोग्रामरवर लिहून घ्यावी लागते, आणि त्यासाठी बोर्ड पिशवीत घालून मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठण्याची वेळ येऊ शकते.