काचपट्टीवरचे आतडे



याच शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आपण पेशी प्रथम पाहिली. काचपट्टीवर दिसते ते एका क्षणाचे चित्र असते, हे मात्र त्या वयात ध्यानात आले नव्हते. किरणांनी जखमी झालेल्या आतड्याचा इतिहास याच गोष्टीशी निगडित आहे.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. १८९७ मध्येच लंडनच्या डेव्हिड वॉल्श यांनी या किरणांजवळ वावरणाऱ्या एका माणसाच्या पोटदुखीची व अतिसाराची नोंद केली. इजा कातडीपुरती नव्हती तर!

१९०३ मध्ये जर्मनीतील हेर्मान हायनेके यांनी लहान प्राण्यांवर किरण सोडले आणि अवघ्या काही तासांत अवयवांचे काप पाहिले. प्लीहा, लसिकाग्रंथी, आतड्यातील लसिकापुंज, सर्वत्र लसिकापेशींची केंद्रके विदीर्ण झालेली होती. परंतु या पेशी कोणते काम करतात, हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते! रोगप्रतिकारातील त्यांचे स्थान जेम्स गोवन्स यांच्या प्रयोगांनी १९६० च्या आसपास उलगडले. हायनेके यांना दिसले ते सुमारे सहा दशके अर्थाविना राहिले.

दरम्यान १९२२ मध्ये अमेरिकेत वॉरन आणि व्हिपल यांनी दाखवून दिले, की किरणांचा मोठा मारा झालेले कुत्रे चौथ्या दिवसाच्या सुमारास दगावतात, तेव्हा आतड्याचे अस्तर गळून गेलेले असते. (हेच वॉरन पुढे अणुबाँब प्रकल्पाचे वैद्यकीय प्रमुख झाले.) साऱ्यांची दृष्टी अस्तरावर खिळली. १९७० मध्ये विदर्स व एल्काइंड यांनी उंदराच्या आतड्यातील पुन्हा उभ्या राहिलेल्या कूपिका साडेतीन दिवसांनी मोजण्याची पद्धत दिली. पद्धत चोख, यात शंका नाही. पण तोवर लसिकापेशींची पडझड केव्हाच होऊन गेलेली असे.

अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना चमकते रंग जोडले होते. १९९० मध्ये द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक आला आणि जिवंत प्राण्याच्या आतड्यात हिंडणाऱ्या प्रतिकारपेशी पाहता येऊ लागल्या. त्यांतील काही किरणांनी मरतात, भक्षकपेशी मात्र बऱ्याच तगून मृतांचा कचरा उचलतात. काही दाह वाढवतात, तर काही अस्तराच्या पुनर्बांधणीस हातभार लावतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या स्त्रीला किती मात्रा द्यावी, हे ठरवताना डॉक्टरांचा हात आजही अनेकदा तिच्या आतड्यापाशीच अडतो.