गाय-म्हशीचं स्त्रीबीज प्रयोगशाळेत कसं परिपक्व करतात? त्यात अँटीऑक्सिडंटचं काम काय?

‘टेस्ट-ट्यूब रेडकू’ किंवा ‘आयव्हीएफ कालवड’ असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. त्यात इंजेक्शन दिसतं, मायक्रोस्कोप दिसतो आणि शेवटी गोंडस वासरू दिसतं. मधले २४ तास मात्र कुणी दाखवत नाही. जनावराच्या शरीराबाहेर काढलेलं स्त्रीबीज या वेळेत फलनासाठी तयार होतं, आणि पुढे भ्रूण बनेल की नाही हे बरंचसं इथेच ठरतं. अँटीऑक्सिडंट हा शब्दही याच टप्प्यात येतो. आज मी हा टप्पा सोप्या भाषेत सांगणार आहे.

याची गरज काय?

म्हैस गाभण राहिली की साधारण १० महिन्यांनी विते. म्हणजे कितीही चांगली म्हैस असली तरी वर्षाला फार तर एकच रेडकू. कृत्रिम रेतनामुळे चांगल्या रेड्याचे गुण हजारो म्हशींपर्यंत पोचतात, पण चांगल्या म्हशीचे गुण त्या वेगाने पसरत नाहीत. तिची स्त्रीबीजं काढून, प्रयोगशाळेत फलित करून, दुसऱ्या म्हशींच्या गर्भाशयात भ्रूण सोडले तर एकाच म्हशीपासून वर्षात अनेक रेडकं मिळू शकतात. पंढरपुरी म्हैस, देवणी किंवा लाल कंधारी गाय अशा आपल्याकडच्या जातींसाठी हे तंत्र म्हणूनच महत्त्वाचं आहे.

यात भारताचं नाव जुनं आहे. आयव्हीएफने जन्मलेलं जगातलं पहिलं रेडकू १९९० मध्ये हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत जन्मलं. त्याचं नावही ‘प्रथम’च ठेवलं होतं.

अडचण अशी की गायीच्या तुलनेत म्हशीच्या अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा बराच कमी असतो. त्यामुळे हाती आलेलं एकही बीज वाया घालवणं परवडत नाही.

स्त्रीबीज ‘परिपक्व’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

अंडाशयात द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. साधारण २ ते ८ मिलिमीटरच्या फॉलिकलमधून सुईने बीज ओढून घेतात. हे काम सोनोग्राफीच्या मदतीने जिवंत जनावरावर होतं, किंवा संशोधनासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांवर होतं. पण हे बीज अजून कच्चं असतं. त्याचं विभाजन जनावराच्या जन्माआधीपासून थांबलेलं असतं.

मग ते पोषक माध्यमाच्या एका थेंबात ठेवतात. त्यात क्षार, अमिनो आम्लं, हार्मोन आणि बहुतेक वेळा सीरम असतं. इन्क्युबेटरचं तापमान ३८.५ अंश सेल्सिअस, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के आणि हवा दमट. गाय-म्हशीच्या बीजाला यासाठी २२ ते २४ तास लागतात, डुकराच्या बीजाला मात्र ४२ ते ४४ तास.

या वेळेत दोन कामं होतात:

- केंद्रकाचं काम: म्हशीच्या साध्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात. बीज निम्मी गुणसूत्रं ठेवून उरलेली एका छोट्या पेशीत घालून बाहेर टाकतं. हे मायक्रोस्कोपखाली दिसतं.
- पेशीद्रवाचं काम: पुढच्या काही दिवसांसाठी लागणारी प्रथिनं, ऊर्जा आणि संरक्षक रसायनं साठवणं. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

खरी गोम इथेच आहे. गायीच्या बाबतीत प्रयोगशाळेत ८०-९० टक्के बीजांचं पहिलं काम पूर्ण होतं, पण सातव्या दिवसापर्यंत भ्रूण म्हणून टिकतात साधारण ३० ते ४० टक्केच. फोनवर ‘अपडेट पूर्ण झालं’ असं दिसावं आणि अ‍ॅप मात्र उघडू नये, तसाच हा प्रकार.

ऑक्सिजनचा त्रास कसा होतो?

पेशी ऊर्जा तयार करताना थोडा ऑक्सिजन अर्धवट वापरला जातो. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे जास्तच क्रियाशील रेणू बनतात. ते वाढले की चरबी, प्रथिनं आणि डीएनएला इजा करतात. या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. शरीरात हे रेणू आवरायला फॉलिकलमधला द्रव असतो, कारण त्यात अँटीऑक्सिडंट भरपूर असतात. प्रयोगशाळेत परिस्थिती बदलते:

- हवेत ऑक्सिजन सुमारे २० टक्के असतो, शरीरात बीजाच्या आसपास त्यापेक्षा बराच कमी. भ्रूण वाढवताना अनेक प्रयोगशाळा ५ टक्के ऑक्सिजन ठेवतात, पण बीज परिपक्व करताना बऱ्याच ठिकाणी साधी हवाच वापरली जाते.
- मायक्रोस्कोपचा प्रकाश पडतो, हाताळणीत तापमान वर-खाली होतं.
- फॉलिकलच्या द्रवाचं कवच गेलेलं असतं.

म्हशीच्या बीजाला हा त्रास जास्त होतो. त्यात चरबीचे थेंब भरपूर असतात, म्हणून ते मायक्रोस्कोपखाली काळपट दिसतं. आणि ऑक्सिडेशनला चरबी लवकर बळी पडते. खवट झालेलं तेल आठवा, रसायन तेच.

मग अँटीऑक्सिडंट काय करतात?

बीजाचा स्वतःचा मुख्य रक्षक म्हणजे ग्लुटाथायोन. परिपक्व होताना बीज त्याचा साठा करतं. याचं आणखी एक काम मला फार भारी वाटतं. शुक्राणूचा डीएनए गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेला असतो. तो बीजात शिरल्यावर हे बंध सोडवायला ग्लुटाथायोन लागतं. साठा कमी पडला तर शुक्राणू आत येऊनही पुढचं काम अडतं. डुकराच्या बीजांमध्ये ही अडचण ठळकपणे दिसली होती.

ग्लुटाथायोन बनवायला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागतं. पण ते माध्यमात टिकत नाही. त्याचे दोन रेणू जोडले जातात आणि पेशीला ते रूप सहज उचलता येत नाही. इथे सिस्टिअमीन नावाचा छोटा रेणू कामाला येतो. तो ती जोडी तोडतो आणि सिस्टीन पुन्हा मोकळं करतो. बीजाभोवतीच्या क्युम्युलस पेशी ते घेऊन आत पोचवतात. म्हणूनच या पेशी खरवडून काढलेलं बीज नीट परिपक्व होत नाही.

सिस्टिअमीनची मात्रा साधारण ५० ते १०० मायक्रोमोलर असते. १०० मायक्रोमोलर म्हणजे लिटरभर माध्यमात १० मिलिग्रॅमच्या आसपास! याशिवाय मेलाटोनिन, जीवनसत्त्व क आणि ई, सेलेनियम, रेझव्हेराट्रॉल यांवरही प्रयोग झाले आहेत. हो, मेलाटोनिन म्हणजे तोच झोपेशी संबंधित हार्मोन. फॉलिकलच्या द्रवातही तो सापडतो.

जास्त टाकलं तर जास्त फायदा?

नाही! हे क्रियाशील रेणू नुसते खलनायक नाहीत. थोड्या प्रमाणात ते पेशीला संदेश देतात, आणि थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू व्हायलाही त्यांची मदत होते. सगळेच पुसून टाकले तर बीज अडकून बसू शकतं. शिवाय जीवनसत्त्व क सारखा पदार्थ लोह-तांब्याच्या आयनांसोबत जास्त मात्रेत उलटं काम करू शकतो, म्हणजे ऑक्सिडेशन वाढवतो. त्यामुळे योग्य मात्रा आणि योग्य वेळ, दोन्ही जुळावं लागतं. गायीला चालणारी मात्रा म्हशीला किंवा शेळीला तशीच चालेल असंही नाही.

अशी बातमी वाचताना काय तपासाल?

‘अमुक अँटीऑक्सिडंटने यश दुप्पट’ असं दिसलं की मी आधी चार गोष्टी बघतो:

१. अँटीऑक्सिडंट न टाकलेला तुलनेचा गट होता का?
२. यश कशाला म्हटलंय? बीज परिपक्व होणं, दुसऱ्या दिवशी पेशी विभागणं, सातव्या दिवसाचं भ्रूण, गाभण राहणं आणि जिवंत वासरू, या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत.
३. एकाच मात्रेवर प्रयोग झाला की अनेक मात्रांवर?
४. फक्त चमकणाऱ्या रंगाने रेणू कमी झालेले दाखवले, की भ्रूणही वाढले?

नेहमीचे प्रश्न

हे वाचून अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?
नाही. थेंबातल्या एका पेशीला पोट नसतं, यकृत नसतं. तिथला निकाल माणसाला लागू होत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. तिचे निकाल १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला.

जनावराला अँटीऑक्सिडंट पावडर खाऊ घातली तर चालेल?
तो आहाराचा वेगळा विषय आहे. पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. सेलेनियम जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

घरच्या म्हशीसाठी आयव्हीएफ करायचं तर काय विचारावं?
‘कोणतं औषध वापरता’ यापेक्षा आकडे विचारा. किती बीजं काढली, किती भ्रूण सोडले, किती म्हशी गाभण ठरल्या आणि किती रेडकं जन्मली? पहिला आकडा नेहमीच मोठा असतो. तुमचे पैसे वसूल होतात ते शेवटच्या आकड्यावर.