थंडीचा मनोरा आणि रेणूंची चाळणी

१/ फेब्रुवारी १९७४. ‘सागर सम्राट’ रिगला मुंबईपासून दूर समुद्रात तेल लागले. तेलासोबत वायूही आला. पुढे उरणच्या प्रकल्पात त्यातून इथेन व प्रोपेन वेगळे होऊ लागले आणि नागोठण्याच्या कारखान्यात त्यांपासून प्लास्टिकचा कच्चा माल, म्हणजे इथिलीन, तयार होऊ लागला.

२/ भट्टीतून इथिलीन एकटे निघत नाही. न फुटलेले इथेनही सोबत येते. इथिलीन उणे १०४ अंश सेल्सिअसला उकळते, इथेन उणे ८९ अंशांना. एवढ्या अल्प फरकावर त्यांना वेगळे करायचे, तर उंच मनोरे आणि कडाक्याची थंडी लागते. तिथेच प्रचंड ऊर्जा खर्ची पडते.

३/ थंडीऐवजी चाळणी वापरता येईल का? २००५ साली अमेरिकेत ओमर याघी यांच्या गटाने रेणूंच्या मापाची छिद्रे असलेले स्फटिकी पॉलिमर घडवले. परंतु बोरॉनच्या बंधांवर उभी असलेली ती जाळी ओलाव्याने मोडत असे.

४/ २०१२ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी दोन पायऱ्यांची युक्ती योजली. पहिली अभिक्रिया परिवर्तनीय. तिच्यात चुकलेले सांधे सुटून पुन्हा नीट जुळतात. दुसरी अपरिवर्तनीय, ती सांधे कायमचे पक्के करते. ही जाळी उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लातही टिकली.

५/ तरीही कारखान्यांत आज मनोऱ्यांचेच राज्य आहे. इथेन व इथिलीन यांचे रेणू आकाराने जवळजवळ सारखेच; केवळ छिद्राच्या मापाने त्यांना वेगळे करणे फार अवघड. म्हणून इथिलीनचा दुहेरी बंध ओळखून त्याला धरून ठेवणारे चांदीचे आयन छिद्रांत बसवण्याचे प्रयोग झाले. टिकणारी चाळणी घडली. स्वस्तात आणि अचूक निवडणारी अजून घडायची आहे.