कर्णपटल-संधान
बाह्यकर्ण व मध्यकर्ण यांमधील पडद्याला (कर्णपटलाला) पडलेले छिद्र रोग्याच्याच ऊतकाचे (समान रचनेच्या पेशींच्या समूहाचे) कलम लावून बुजविण्याची शस्त्रक्रिया. असे छिद्र बहुधा मध्यकर्णाच्या चिरकारी पूयस्रावामुळे पडते. कान वारंवार वाहतो व श्रवणशक्ती घटते. भारतात हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

तुटलेला अवयव त्याच शरीरातील ऊतकाने सांधण्याची कला भारतात प्राचीन आहे. गालाच्या त्वचेने कर्णपाळी सांधण्याची रीत सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी माणसाला पुण्याजवळील एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नाक बसवून दिले. त्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगेझिनमध्ये प्रसिद्ध झाला. कर्णपटलाच्या बाबतीत मात्र हे तत्त्व फार उशिरा उपयोगात आले. हा पडदा सु. २·५ सेंमी. खोल असून त्याची जाडी केवळ सु. ०·१ मिमी. असते, नुसत्या डोळ्यांनी तेथे शस्त्रक्रिया करणे दुर्घट होते.

त्यामुळे प्रारंभी परकी द्रव्येच वापरली गेली. मार्कुस बान्झर यांनी १६४० मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा ताणलेली नळी सुचविली, तर जोसेफ टॉयन्बी यांनी १८५३ मध्ये रबराची चकती वापरली. या साधनांनी छिद्र झाकले जाई. ते भरून येत नसे. १८७८ मध्ये एमिल बेर्टोल्ट यांनी त्वचेचे कलम लावले. १९५० नंतर शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शक व प्रतिजैव औषधे उपलब्ध झाल्यावर व्हुल्श्टाइन व त्सलनर या जर्मन शल्यविशारदांनी या शस्त्रक्रियेला शास्त्रीय रूप दिले. त्वचेच्या कलमाला शोथ (दाहयुक्त सूज) येत असल्याने पुढे कानशिलाच्या स्नायूवरील प्रावरणी (पातळ आवरण) रूढ झाली.

मध्यकर्णातील हवेचा दाब कमी राहिल्यास प्रावरणी आत ओढली जाते व छिद्र पुन्हा पडू शकते. यावर उपाय म्हणून १९६३ मध्ये यान्सेन व सालेन यांनी उपास्थीचे (कूर्चेचे) कलम वापरले. कानाच्या छिद्रापुढील उंचवट्यातून घेतलेली ही उपास्थी ताठ असते आणि तिला पोषण अल्प लागत असल्याने ती टिकते. ध्वनिकंपनांना अडथळा होऊ नये म्हणून ती सु. ०·५ मिमी. जाडीपर्यंत तासतात. मात्र ती अपारदर्शक असल्याने तिच्यामागे उद्भवलेला रोग सहज दिसत नाही. म्हणून पहिली शस्त्रक्रिया अयशस्वी ठरलेल्या वा पडदा आत ओढला गेलेल्या रोग्यांत ती विशेषेकरून वापरतात.

महाराष्ट्रात कान-नाक-घसा शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न महाविद्यालयांतून दिले जाते. एके काळी पिढीजात कारागिरीत जपलेले हे तत्त्व आता सूक्ष्मदर्शकाखाली शिकविले जाते.