अंधारात ठेवलेली काच

उजेडात जंतू मारणाऱ्या लेपाची परीक्षा घेताना काचेचे काही तुकडे मुद्दाम अंधारात ठेवतात. या अंधाराचं कुळ शोधायला मी टोकियोच्या वाटेने निघालो आणि पोचलो म्युनिकला.

टोकियोची वाट वहिवाटीची. होंडा-फुजिशिमा यांचा टायटॅनियम डायऑक्साइडवरचा १९७२चा निबंध, मग १९८५मध्ये मात्सुनागांनी त्याच जातीच्या भुकटीने उजेडात मारलेले जंतू. पण म्युनिकचा ऑस्कर राब त्याआधीचा. १८९७-९८च्या हिवाळ्यात हा वैद्यकीचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन या द्रव्याने पॅरामीशियम हे एकपेशी जीव किती वेळात मरतात ते मोजत होता. द्रावण तेच, तरी आकडे जुळेनात. एकदा ते फार उशिरा मेले. त्या दिवशी वादळ होतं, खोलीत उजेड मंद होता, असं सांगतात. अ‍ॅक्रिडिनला उजेडाची साथ लागत होती.

यावर कोणी डाउन्स आणि ब्लंट यांचं नाव काढील. १८७७मध्ये त्यांनी जंतूंच्या काही नळ्या उन्हात ठेवल्या, काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळल्या. अंधाराचा पहिला मान त्यांना द्यायलाच हवा. पण त्यांचा मारेकरी एकटा होता, ऊन. लेपाच्या परीक्षेत द्रव्य आणि उजेड या दोघांचं संगनमत पकडायचं असतं, आणि ते पहिल्यांदा पकडलं राबने. माझ्या मते मूळपुरुष तोच.

आजची आयएसओ २७४४७ पद्धत पाहा. पाच सेंटिमीटर चौरस काच, तिच्यावर जंतू कालवलेलं ०.१५ मिलिलिटर पाणी. वर चार सेंटिमीटरची पारदर्शक फिल्म टेकवली की थेंब पसरून लेपाला बिलगतो. मग ओलावा धरणाऱ्या बशीत, मंद अतिनील दिव्याखाली, आठ तास. शेजारी बिनलेपाची काच, आणि दोन्हींच्या जोडीदार काचा अंधारात. शेवटी जंतू धुऊन घेऊन वसाहती मोजायच्या. लेपात चांदी किंवा तांबं असेल तर अंधारातही जंतू मरतात. तेवढे वजा केल्याशिवाय उजेडाचा वाटा कळत नाही.

राबची थेट वंशावळ मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दिसते. तिथे सिलिकोनमध्ये मेथिलीन ब्लू व क्रिस्टल व्हायोलेट हे रंग आणि सोन्याचे नॅनोकण मुरवले. हे तुकडे साध्या पांढऱ्या दिव्याखाली जंतू मारत होते. २०१४मध्ये ते काम छापून आलं, तेव्हा त्यात अंधारातल्या तुकड्यांचीही नोंद होती: तिथेही जंतू मेले होते, जरा सावकाश.