विष सापडले, विष सापडले नाही

मोर्शी तालुक्यातील एखाद्या खेड्यात कोणी संशयास्पद रीतीने मरण पावले, म्हणजे शवविच्छेदन करणारा डॉक्टर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काचेच्या बरण्यांत भरतो, ते मिठाच्या दाट द्रावणात बुडवतो आणि बरण्यांची तोंडे बंद करून वर लाखेचे शिक्के मारतो. कोर्टकचेरीत याला ‘व्हिसेरा’ म्हणतात. ज्या मिठाचे द्रावण केले त्याचाही नमुना वेगळा पाठवावयाचा असतो. न जाणो, मिठातच काही असले तर! मग तो मुद्देमाल शिपायाच्या हाती प्रयोगशाळेकडे रवाना होतो आणि पुढे केव्हातरी एक-दोन पानांचा कागद परत येतो. त्याचे नाव ‘सी. ए. रिपोर्ट’, सी. ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. त्या कागदावर ‘विष आढळले’ किंवा ‘विष आढळले नाही’ एवढेच असले तरी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचे सारे लक्ष त्या ओळीकडे लागलेले असते.

वऱ्हाडची गंमत अशी की, येथल्या मनुष्याचे राज्य जसे बदलत गेले तसे सरकारी रसायनज्ञही बदलले. गेल्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांताचे रासायनिक परीक्षक बसत आग्र्यास. त्या जागेवर अर्नेस्ट हँकिन नावाचे मोठे विद्वान गृहस्थ होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे त्यांनी १८९६ साली दाखवून दिले होते. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १९५८ साली मुंबईत न्यायसहायक प्रयोगशाळा उभी राहिली, नंतर नागपूर झाले, आणि आता तर खुद्द अमरावतीतच प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. अंतर कमी झाले हे खरे. पण हाताखालचा प्रश्न जुनाच आहे: रसायनशास्त्र जे सांगते ते किती, आणि न्यायाधीश त्यातून जे काढतात ते किती?

आपल्याकडची जुनी विषे ठरलेली: सोमल, बचनाग, धोतरा, अफू. वाटसरूला धोतरा चारून लुटायचे, कातड्यासाठी दुसऱ्याच्या गुराला गुंजेच्या बियांच्या लगद्याची सुई टोचायची, हे प्रकार इंग्रजी अमदानीतील वैद्यक-न्यायाच्या पुस्तकांत पानोपानी सापडतात. यांपैकी सोमल हे रसायनज्ञाचे लाडके विष. ते कुजत नाही, उडून जात नाही. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने त्याची परीक्षा शोधून काढली आणि काचेवर उमटणारा काळा चकचकीत डाग कोर्टात साक्ष देऊ लागला. मात्र त्या परीक्षेला जस्त लागते, आणि जस्त अशुद्ध असले तर त्यातच सोमल असू शकतो. साक्षीदार खरा, पण त्याची जात आधी तपासून घ्यावी लागे!

मराठी इतिहासात या रसायनाचा पहिला मोठा तमाशा झाला तो बडोद्यास. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बरी न वाटल्याने उरलेले फेकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला म्हणून तो रेसिडेन्सीच्या डॉक्टराकडे धाडला. त्यात सोमल व काही चकाकणारे कण मिळाले. मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनीही सोमलाचा दाखला दिला आणि ते कण हिऱ्याची पूड असल्याचे मत सांगितले. संशय थेट मल्हारराव गायकवाडांवर गेला. १८७५ च्या फेब्रुवारीत सहा जणांचे कमिशन बसले: तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव असे तीन हिंदी.

मल्हाररावांनी बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित बॅरिस्टर आणला. त्याने रसायनाशी फारसे भांडण काढले नाही, आणि येथेच त्याचे शहाणपण दिसते. गाळात सोमल असेल. पण तो पेल्यात टाकला कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, आणि हे सांगणारे नोकर कोणाच्या धाकात आहेत? त्याने सारा भर या प्रश्नांवर दिला. कमिशन दुभंगले. तिन्ही इंग्रजांनी दोषी ठरवले, तिन्ही हिंदी सभासदांनी तसे म्हणण्यास नकार दिला. विष सापडले होते, विष घालविणारा मात्र सिद्ध झाला नाही. सरकारने मग गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत केले, ही राजकारणाची गोष्ट वेगळी.

आता आपल्या घराजवळ येऊ. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या आबकारी खात्याचे कमिशनर नरगुंदकर यांच्यावर शिवणीच्या सरकारी दारूभट्टीच्या टेंडरात लबाडी केल्याचा खटला नागपुरास चालला. यात विष नव्हते; होते एक टंकलिखित पत्र. पत्रावर तारीख नोव्हेंबर १९४६ ची. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, ज्या टाइपरायटरवर ते काढले तो नागपुरास आला डिसेंबरअखेरीस, तेव्हा पत्र मागील तारखेचे व बनावट. अक्षरांची झीज, ओळींची ठेवण पाहून तज्ज्ञांनी हे यंत्र तेच असे सांगितले. खालच्या कोर्टांनी ते मानले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र ही सारी इमारत पाडली. पुराव्याच्या कायद्यात हस्ताक्षराचा तज्ज्ञ आहे, टाइपरायटरचा नाही, म्हणून ते मतच ग्राह्य नाही असे न्यायमूर्ती महाजन यांनी ठरवले. हा मुद्दा पुढे टिकला नाही. १९९६ साली त्याच न्यायालयाने ‘शास्त्र’ हा शब्द व्यापक धरून टाइपरायटरच्या तज्ज्ञाला दार उघडले. आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. पण त्याच निकालातील दुसरी गोष्ट चिरंजीव ठरली. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यावयाची तर प्रत्येक कडी आधी पक्की सिद्ध हवी, आणि साखळी अशी पुरी हवी की आरोपीच्या निर्दोषीपणाला वाव देणारी दुसरी कोणतीही उपपत्ती शिल्लक राहू नये. नागपूरच्या एका टेंडरातून निघालेले हे सूत्र आज देशभरच्या फौजदारी कोर्टांत रोज वाचले जाते.

या सूत्राची खरी कसोटी लागली ती पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्व्यांच्या प्रकरणात. बाई विधवा, खाऊनपिऊन सुखी, मधुमेहाने आजारी. घरातच बिऱ्हाडाला राहणारे डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्यावर उपचार करीत आणि त्यांचे व्यवहारही पाहत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसले. मुंबईच्या डॉक्टराला प्रकृती दाखवावयाची होती. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना जवळच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि नाव सांगितले ते लोक ज्या नावाने ओळखत ते नव्हे. त्याच सकाळी बाई गेल्या. मधुमेहाची मूर्च्छा असे निदान कागदावर चढले. प्रेत न्यायला कोणी आले नाही. शवविच्छेदन झाले २३ नोव्हेंबरला, म्हणजे तब्बल दहा दिवसांनी, आणि रासायनिक परीक्षेत विषाचा अंशही मिळाला नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटलेच होते. पण इकडे पुण्यात नातलगांना बाईंच्या नावाची पत्रे येऊ लागली: आपण यात्रेला निघालो, पुनर्विवाह केला, उत्तरेत राहतो, काळजी करू नये. आणि त्याच काळात बाईंची मालमत्ता एकेक करून डॉक्टरांकडे सरकत होती. मेलेली बाई पत्रे लिहीत होती! नातेवाइकांच्या तक्रारींवरून चौकशी झाली आणि १९५८ साली डॉक्टर पकडले गेले.

बचावाचा मुद्दा साधा आणि भक्कम होता. लोभ, फसवणूक, खोटी पत्रे हे सारे घटकाभर मान्य करा. पण खून झाला हे कशावरून? सी. ए. म्हणतो विष नाही, रुग्णालय म्हणते मधुमेह. लघवीत अ‍ॅसिटोन होते की नव्हते, या एका नोंदीवर केवढा खल झाला. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोनाविरुद्ध एक अशा मताने फाशी कायम केली. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. हे आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे, पूर्वी तेथील हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांचे म्हणणे असे: शरीरात माग न ठेवणारी विषे आहेत, प्रेत कुजले म्हणजे उरलेलाही माग जातो, आणि विष सापडलेच पाहिजे असा हट्ट धरला तर जाणता डॉक्टर कायमचा निर्भय होईल. आरोपीचे आधीचे आणि नंतरचे वर्तन खुनाखेरीज दुसऱ्या कशाशीही जुळत नाही. न्यायमूर्ती सरकार यांना हे पटले नाही; मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी वेगळे लिहून ठेवले.

मी दोन्ही निकाल अनेकदा वाचले आहेत. बहुमताशी माझे मन जुळते, त्या पत्रांमुळे; पण रात्री झोप मोडते ती अल्पमताने. कारण लागूंसारखा आरोपी शतकात एखादा, आणि ‘विष सापडले नाही तरी चालते’ हे वाक्य मात्र प्रत्येक ठाणेदाराच्या हाती पडू शकते. पुढे १९८४ साली, पुण्याच्याच एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने नरगुंदकरांच्या निकालावरून पाच तत्त्वे बांधली, त्यांना ‘पंचशील’ असे नाव दिले आणि विषप्रयोगाच्या खटल्यात आणखी अटी घातल्या: हेतू स्पष्ट हवा, मृत्यू विषाने झालेला हवा, ते विष आरोपीच्या ताब्यात असले पाहिजे आणि ते देण्याची संधी त्याला मिळालेली असली पाहिजे. त्या खटल्यातला आरोपी सुटला.

‘विष ताब्यात असणे’ ही अट मोर्शीकडे मोठी विचित्र होऊन बसते. हा संत्र्यांचा आणि कपाशीचा मुलूख. फवारणीच्या औषधाचा डबा गोठ्यात किंवा माळ्यावर नाही असे शेतकऱ्याचे घर दुर्मिळ. सासऱ्याकडे आहे, सुनेकडे आहे, शेजाऱ्याकडेही आहे. व्हिसेऱ्यात कीटकनाशक मिळाले म्हणजे ते कोणी पाजले, स्वतःच घेतले, की फवारताना अंगात गेले, यातले काहीच तो कागद सांगत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच शेतकरी-मजूर दगावले, हे आपण पाहिले.

आणि तो कागद लिहिणाऱ्याला विचारावयाचे कसे? सरकारी रसायनज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, ही सवलत १८९८ च्या संहितेतली. १९५५ च्या दुरुस्तीने त्यात एक चांगली गोष्ट आली: आरोपीने अर्ज केला तर त्या तज्ज्ञाला बोलावलेच पाहिजे. १९७३ च्या संहितेत ते ‘बोलावलेच पाहिजे’ गळाले आणि उरले ‘कोर्टाला वाटल्यास’. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याचे नवे कलम आहे, पण त्याला पिंजऱ्यात बोलावण्याबाबत ‘कोर्टाला वाटल्यास’ हेच शब्द कायम आहेत. म्हणून तालुक्याच्या गावचा वकील रसायनज्ञाऐवजी बरण्या नेणाऱ्या शिपायालाच गाठतो. ठाण्यातून बरण्या कोणत्या तारखेला निघाल्या, प्रयोगशाळेत कधी पोचल्या, मधले दिवस त्या कोणाच्या खोलीत होत्या, आणि लाखेवरचा ठसा पंचनाम्यातल्या ठशाशी जुळतो का?