एका मिनिटाचा हिशेब

जळगाव-धुळे भागात सातपुड्याच्या कडेने वसलेल्या गावांत शिकवणाऱ्या शिक्षकांना गैरहजेरीचे एक कारण चांगले परिचयाचे असते: ‘घरी लहान भाऊ आजारी आहे.’ आईवडील मजुरीला गेलेले, म्हणून मोठी बहीण शाळा सोडून बाळाजवळ बसते. बाळाला काय झाले असे विचारले तर ‘खोकला आहे, पोट उडते आहे’ एवढेच तिला सांगता येते. हे ‘पोट उडणे’ म्हणजे काय, आणि ते मोजता येईल का? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, शोधले गेले. ती हकीकत आपण पाहू.

फुफ्फुसात हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. न्यूमोनियात जंतूंच्या संसर्गाने या पिशव्यांत द्रव व पू साचतो. फुफ्फुस ताठर होते, प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो. ही तूट भरून काढण्यासाठी बाळ भराभर श्वास घेते. आजार वाढला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो.

डॉक्टर स्टेथोस्कोप व क्ष-किरणांच्या साहाय्याने न्यूमोनिया ओळखतात. पण जिथे दोन्ही नाहीत तिथे काय करायचे? पापुआ न्यू गिनी या देशात काम करणारे फ्रँक शॅन व त्यांचे सहकारी याच पेचात होते. १९८४ मध्ये त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, तेथील मुलांच्या तीव्र न्यूमोनियामागे बहुधा न्यूमोकोकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हे जिवाणू असतात, म्हणजे प्रतिजैविके उपयोगी पडतील. दुसरी, खोकणाऱ्या मुलांपैकी कोणाला प्रतिजैविक द्यायचे हे श्वासांच्या गतीवरून ठरवता येते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम त्यांनी सुरू केले. त्यांच्या पाहणीत बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया असल्याचे दिसले. गावात सदैव हजर असणारी, घराघरांत जाणारी व्यक्ती म्हणजे दाई. परंतु अनेक दायांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी साठपर्यंत मोजायचे कसे?

यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजता आले म्हणजे पुरे. आपण पाटीवर शिकवतो ते एकक-दशकच येथे बाळाच्या उशाशी वापरले गेले.

या पद्धतीची परीक्षा ५८ गावांत झाली आणि तुलनेसाठी ४४ गावे घेण्यात आली. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. न्यूमोनिया झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या भागात १३.५ टक्के, तर उपचार मिळालेल्यांत ०.८ टक्के होते. मात्र चिकित्सक विद्यार्थी येथे शंका घेईल. सौम्य आजारही न्यूमोनियात मोजले गेले, तर हे प्रमाण आपोआप कमी दिसेल! शंका रास्त आहे. म्हणूनच दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या भागात १७.५, तर प्रयोगाच्या भागात ८.१ होते. निदान सैल झाले म्हणून गावातील मृत्यू कमी होत नाहीत.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जिवाणू रक्तात पसरले तर नवजात बाळ फारशी लक्षणेही दाखवत नाही. रडणे क्षीण होते, ते दूध ओढत नाही, अंग सैल किंवा थंड पडते. अशा ठरावीक चिन्हांपैकी किमान दोन एकत्र दिसली तर जंतुदोष समजावा, असा नियम ठरला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना बाळाची घरी काळजी घेण्याचे, आणि जंतुदोषात तोंडाने औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण मिळाले.

गावातल्या बाईने इंजेक्शन द्यावे का? हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. जेंटामायसिनची मात्रा चुकली तर मूत्रपिंडाला व कानाला इजा होऊ शकते, आणि प्रतिजैविकांच्या गैरवापराने जंतू निगरगट्ट होतात. पण दुसऱ्या पारड्यात रुग्णालयापर्यंत न पोहोचणारे बाळ होते. तेव्हा उत्तर वादाने न देता नोंदींनी दिले गेले. ३९ गावांत काम झाले, ४७ गावांशी तुलना झाली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

२००५ पासून देशात ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या आणि २०११ मध्ये नवजात बाळाच्या घरच्या काळजीचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ तपासते, त्यामागे हा इतिहास आहे. मात्र इंजेक्शनाचा अधिकार सर्वसाधारणपणे तिला दिला गेला नाही. न्यूमोकोकसविरोधी लसही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ मध्ये देशभर लसीकरणात आली. तरी डोंगरातील पाड्यावरून आरोग्य केंद्र दूरच असते, आणि पहिली खूण घरातल्याच माणसाला दिसते.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील झोपलेल्या, निरोगी लहान भावंडाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. आकडे वयाप्रमाणे मांडून आलेख काढावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर काय बिघडते, हेही त्यांना शोधू द्यावे. बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे एका श्वासाची चूक चौपट होते. आणि एवढे जरूर सांगावे की आकडा मर्यादेपलीकडे गेला, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूध पीत नसले, तर वही मिटून ताबडतोब आशाताईला बोलवायचे आणि बाळाला दवाखान्यात न्यायचे. पुढच्या वेळी ‘भाऊ आजारी आहे’ म्हणून घरी थांबलेली मुलगी ‘त्याचे श्वास चौपन्न भरले’ असे सांगू शकली, तर त्या बाळाचा वेळ वाचेल.